बैठका न मोजणारे वस्ताद

सत्तरच्या दशकात सांगलीत तालमी पुष्कळ होत्या. पहाटे सायकलवरून दूध आणायला निघालं की प्रत्येक तालमीच्या खिडकीतून आकडे ऐकू यायचे. एकशे चार, एकशे पाच, एकशे सहा. जोर आणि बैठका मोजल्याशिवायही काढता येतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. कोणाचा पहिलवान किती हजार बैठका मारतो यावर चहाच्या गाड्यांवर वाद चालायचे, आणि ज्यांनी उभ्या जन्मात दहा बैठका मारल्या नाहीत ते त्यात सगळ्यांत पुढे असायचे. मीही असायचो.

हरिपूर रस्त्याला केरबा वस्तादांची तालीम होती. तिथून मात्र आकडा ऐकू यायचा नाही. नुसते श्वास ऐकू यायचे, आणि मातीवर पडणाऱ्या पायांचा आवाज. त्या तालमीत मोजायला बंदी होती. एखादा नवा पोरगा सवयीने "एक, दोन" करू लागला की वस्ताद कोपऱ्यातून ओरडायचे, "ए, गप! हितं काय वान्याचं दुकान हाय व्हय?"

असं का, म्हणून विचारलं की उत्तर मिळायचं नाही. वस्ताद पंचा झटकायचे आणि दुसरंच काहीतरी काढायचे. मला ते उत्तर मिळालं, पण फार उशिरा, आणि ज्या प्रसंगाने मिळालं तो माझ्याच मूर्खपणातून आला होता.

माझं गावभागात औषधांचं दुकान. मी बी.फार्म. झालेला माणूस, आणि त्या काळात सांगलीत ही पदवी सांगितली की लोक "म्हणजे कंपाउंडर ना?" असं विचारायचे. वस्ताद एकटेच मला 'डाक्टर' म्हणत. मी दोनतीनदा खुलासा केला. ते म्हणाले, "रोग्याला औषध कोन देतंय? तुमी. मग डाक्टर कोन?" त्यानंतर मी खुलासा करणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं.

आयोडीन, पट्ट्या, कापूस असं काहीबाही न्यायला ते दर आठवड्याला यायचे. उंचीला बेताचेच, पण मान अशी की सदऱ्याचं वरचं बटण कधी लागलेलं मी पाहिलं नाही. कान कुस्तीत मुडपून घट्ट झालेले. डोक्याला गुलाबी फेटा, तोही असा पक्का की झोपतानाही काढत नसावेत. दुकानाच्या फळीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालीवरून निदान करायचे. "ह्यो बघा, उजव्या गुडघ्यात गेलाय. त्या बाईचं कंबार धरतंय, पन घरात सांगत न्हाई." एकदा त्यांनी सहज माझा दंड चिमटीत धरला आणि गंभीरपणे विचारलं, "डाक्टर, ह्यो दंड हाय का शेवग्याची शेंग?" दुकानातल्या गिऱ्हाइकांना ते इतकं आवडलं की पुढे वर्षभर मला ऐकून घ्यावं लागलं.

मोजायचं नाही, तर मग मेहनत ठरवायची कशी? त्यासाठी वस्तादांचा अंगठा होता. पहाटे आखाड्यात उतरण्याआधी सगळे पहिलवान ओळीने त्यांच्यापुढून जायचे. वस्ताद प्रत्येकाच्या गुडघ्याच्या वर, मांडीच्या मांसात अंगठा रोवायचे, मग खांद्याखाली. तेवढ्यावर निकाल. शब्द तीनच होते. "हाण" म्हणजे आज पुरी मेहनत. "निम्मं" म्हणजे अर्ध्यावर थांब. आणि "झोप" म्हणजे परत जाऊन अंथरुणावर पड. त्यावर अपील नव्हतं. अंगठ्याला काय कळतं, असं मी शिकल्यासवरल्याच्या तोऱ्यात विचारलं, तर म्हणाले, "बायामान्साला कनीक मळून झाली ह्ये कशानं कळतं? पुस्तक वाचून?"

मेहनत झाली की घाम वाळायच्या आत पोटात काहीतरी गेलं पाहिजे, हा त्यांचा दुसरा कायदा. भिजवलेले हरभरे, गूळ, म्हशीचं दूध, आणि कोणी दिलेच तर बदाम. आणि तिसरा कायदा दुपारच्या झोपेचा. जेवणानंतर सगळे पहिलवान घोंगड्यांवर ओळीने निजायचे आणि वस्ताद दारात काठी घेऊन बसायचे. एकदा साखर कारखान्याचे एक संचालक जीपमधून आले. मोठं प्रस्थ, तालमीला बदामाचं पोतं घेऊन आलेले, त्यांना पहिलवान बघायचे होते. मी तेव्हा तिथेच होतो.

वस्ताद उठून उभे राहिले, नमस्कार केला, आणि काठी दारात आडवी धरली. "आत्ता न्हाई, सायेब. गडी कामावर हाईत."

संचालकांनी आत डोकावून पाहिलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. "अहो, झोपलेत की!"

"त्येच काम चाललंय," वस्ताद म्हणाले. "सकाळी मोडलंय त्ये आता बांधत्यात. अंग आखाड्यात भरत न्हाई, सायेब. आखाड्यात नुसतं मोडतंय. भरतंय हितं."

संचालक तासभर जीपमध्ये बसून राहिले. बदामाचं पोतं मात्र वस्तादांनी आधीच उतरवून घेतलं होतं.

ते वाक्य ऐकून मी चकित झालो होतो, कारण कॉलेजात जाडजूड इंग्रजी पुस्तकातून मी जे शिकलो ते हेच होतं. जड मेहनतीने स्नायूचे तंतू दुखावतात, आणि मग विश्रांतीत शरीर त्यांची डागडुजी करून ते आधीपेक्षा दणकट करतं. या डागडुजीच्या विटा म्हणजे अमिनो आम्लं. ती डाळीत, दुधात, अंड्यात असतात.

याच सुमारास मुंबईच्या एका कंपनीचा प्रतिनिधी माझ्या दुकानात पत्र्याचे डबे ठेवून गेला. डब्यावर दंड फुगवलेला गोरा माणूस आणि आत पिवळट भुकटी. प्रथिनं आधीच फोडून त्यांची अमिनो आम्लं केलेली, म्हणजे पोटाला कष्ट नकोत. मी हरखून गेलो. वस्तादांना फळीवर बसवून मी पाऊण तास व्याख्यान दिलं. त्यांनी ते नीट ऐकलं, आणि मग प्रश्न विचारले. माझ्या प्रोफेसरांनी तोंडी परीक्षेत याहून सोपे विचारले होते.

"ह्या इटा डाळीत-दुधात न्हाईत व्हय?"

"आहेत की."

"मग डब्यात काय येगळं?"

"लवकर अंगी लागतं, वस्ताद. भरपाई लवकर होते."

"लवकर?" त्यांनी डबा उलटसुलट करून पाहिला. "पन घाई कुनाला हाय?"

पण वस्ताद नव्याला नाक मुरडणारे नव्हते. एक डबा ते घेऊन गेले, आणि महिनाभर रोज सकाळी स्वतः दुधातून घेतला. पोरांना घालायचं ते आधी आपण खाऊन बघायचं, हा त्यांचा नेम. महिन्याने रिकामा डबा परत आणून म्हणाले, "चवीला शिळ्या रश्श्याच्या वरताण हाय. पन वंगाळ न्हाई. ज्येच्या घरात दूध न्हाई, आजारातनं उठलाय, त्येला द्यावं. धडधाकट गड्याला भाकरी आन् झोप ऱ्हाईली तर ह्येची गरज न्हाई." आज इतक्या वर्षांनी, डब्यांच्या ढिगात आयुष्य काढल्यावर, मला या निकालात एक शब्द बदलावासा वाटत नाही. तेव्हा मात्र मला तो अडाण्याचा हेका वाटला, आणि मनातल्या मनात मी रागावलो.

त्यांच्या तालमीत महादेव म्हणून विट्याकडचा पहिलवान होता. बावीस-तेवीसचा, सहा फुटी, हसला की लहान मुलासारखा दिसणारा. त्याच्या मामाचं मद्रासला सोन्याच्या गलाईचं दुकान होतं. विट्याकडचे पुष्कळ लोक सोनं गाळून शुद्ध करण्याच्या या धंद्यात देशभर पांगलेले. मामाचा लकडा होता, "कुस्ती पुरे झाली, भट्टीवर ये." महादेवने मुदत मागून घेतली होती ती एका कुस्तीची. कराडच्या पलीकडे, सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेच्या मैदानात त्याची पहिल्या नंबरची, म्हणजे दिवसाच्या शेवटी होणारी मानाची कुस्ती ठरत होती. वस्तादांच्या तालमीला वीस वर्षांत पहिल्या नंबरची कुस्ती कधी मिळाली नव्हती. "मोजत न्हाईत, म्हनून मागं ऱ्हात्यात," असं बाकीच्या तालमी म्हणत. वस्ताद वरून हसायचे, पण ते त्यांना लागत होतं. एकदा माझ्या फळीवर बसून ते म्हणाले, "एक डाव, डाक्टर. एकच डाव महादूनं त्या मातीत पाठ लावली पायजे समोरच्याची. मग मी मेलो तरी चालंल." वस्तादांच्या तोंडून हट्टाचं वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

जत्रेला आठवडा उरला असताना जोड, म्हणजे महादेवसमोरचा गडी, पक्की करायला वस्ताद चार दिवस साताऱ्याकडे गेले. त्यातल्या पहिल्याच दिवशी महादेव माझ्या दुकानात आला. त्याने डब्याकडे बोट केलं.

"डाक्टर, ह्येनं शीण लवकर भरून निगतो म्हंत्यात. खरं का?"

"अगदी खरं," मी म्हणालो. मी नुसतं 'हो' म्हणून थांबलो नाही. पाठीवर थाप मारून सांगितलं, "दोन दिवसांचं काम एका दिवसात."

तो डबा घेऊन गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला, थोडा लंगडत. मला ते दिसलं. वस्तादांनी एका नजरेत ओळखलं असतं. मी दुसरा डबा कागदात बांधून दिला.

वस्ताद परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाची फळी काढतोय तोच एक तीनचाकी टेम्पो येऊन थांबला. मागे महादेव पाय पसरून पडलेला, मांड्या सुजून टम्म, आणि वस्ताद त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. "डाक्टर, अंगठा आत जाईना," ते म्हणाले. "लाकूड झालंय. आन् मूत काळ्या चहावानी हाय. मिरजंला न्यायचंय, तुमी संगं चला. मला मोठ्या दवाखान्यातलं बोलनं कळत न्हाई."

मी महादेवकडे पाहिलं. त्याने मान फिरवली. मिरजेला पोचेपर्यंत मी डब्यांचं नाव काढलं नाही.

डॉक्टरांनी महादेवला विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. चार दिवस तो दुपारची झोप सोडून मळ्यात जाऊन बैठका काढत होता. मोजून. रोज आदल्या दिवसापेक्षा पाचशे जास्त. अंग दुखायचं, तेव्हा भुकटी दुप्पट घ्यायचा आणि पुन्हा सुरू करायचा, कारण शीण भरून निघालेला असणार असा त्याला भरवसा होता. तो भरवसा मी दिला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मांड्यांचं मांस फाटून त्याचा गाळ रक्तात उतरलाय आणि मूत्रपिंडात अडकतोय. आज आणलंत म्हणून आशा आहे. असाच मैदानात उतरला असता तर वाचला नसता.

सलाइन लागलं. कुस्ती तिसऱ्या दिवशी होती. दुसऱ्या दिवशी जत्रेचे पंच दवाखान्यात आले. हँडबिलं वाटून झाली होती, माणसं गाड्या जुंपून निघाली होती. त्यांनी तोड काढली होती. महादेवला नुसतं मैदानात उभं करायचं, सलामी द्यायची, समोरचा हात लावील, महादेवने खाली बसायचं. दोन मिनिटांचं काम. तालमीचं नाव तरी पहिल्या नंबरावर लागेल.

"न्हाई," वस्ताद म्हणाले.

"आवं वस्ताद, मग तुमी लोकांना काय सांगनार?"

"मी येतो की. मी सांगतो."

मी त्यांच्याबरोबर गेलो. एस.टी.त ते कराड मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले होते. मैदानावर एवढी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती, झाडांवरसुद्धा माणसं. शेवटची कुस्ती पुकारली गेली तेव्हा आखाड्यात पहिलवानाऐवजी केरबा वस्ताद एकटे उतरले. हलगी थांबली.

"माझा गडी आजारी हाय," ते मोठ्याने म्हणाले. "चूक माझी हाय. मी चार दिस बाहीर ऱ्हायलो. जोड मी मागं घेतो."

एकदम गलका उठला. "भ्याला, भ्याला!" कोणीतरी मातीचं ढेकूळ मारलं, ते त्यांच्या खांद्यावर फुटलं. वस्तादांनी ते झटकलंही नाही. ते समोरच्या पहिलवानाकडे चालत गेले, स्वतःचा गुलाबी फेटा उतरवला, आणि त्याच्या डोक्याला बांधू लागले. जिंकणाऱ्याला फेटा बांधायची रीत आहे, पण तो पंच बांधतात. हरणाऱ्या तालमीच्या वस्तादाने आपल्या डोक्यावरचा उतरवून बांधलेला मी पाहिला नव्हता, कोणीच पाहिला नव्हता. सगळे पेच नीट बसवायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मैदान गप्प होत गेलं. तो पोरगा वाकून त्यांच्या पाया पडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

परत मिरजेला आलो. महादेवला फिकट पिवळी, स्वच्छ लघवी झाली होती, आणि नर्सने ती बातमी लग्नाचं आमंत्रण द्यावं तशी हसून सांगितली. वस्ताद बाहेरच्या बाकावर बसले. बोडकं डोकं, पांढरे बारीक केस. ते एकदम म्हातारे दिसत होते. मला राहवेना. मी दोन्ही डब्यांचं सगळं सांगून टाकलं, पाठीवरच्या थापेसकट.

त्यांनी बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तुमाला इचारायचं हुतं न्हवं, मी मोजू का देत न्हाई?"

"माझा चुलतभाऊ हुता, गणपा," ते सांगू लागले. "मी आठरा वर्साचा, त्यो बावीसचा. गावच्या जत्रंत पारावर पैज लागली, कोन जास्ती बैठका काढतंय. गणपा नुकताच तापातनं उठल्याला. मोजायला मी. मी मोठ्यानं मोजायचो, डाक्टर. आकडा ऐकला की त्येला चेव यायचा. त्यो दमला की मी आनी मोठ्यानं मोजायचो. जिकला त्यो. खांद्यावर घिऊन नाचलो आमी त्येला. दुसऱ्या दिशी मूत काळं. वैद्य म्हनला उष्णता झाली, सब्जाचं पानी द्या. चौथ्या दिशी मूतच थांबलं." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "आठव्या दिशी गेला. लोक म्हनले, नशीब. नशीब कसलं? म्या मोजून मारला त्येला."

मी म्हणालो, "वस्ताद, यावेळी मी मारत होतो."

"डब्याचा दोष न्हाई," ते म्हणाले. "तुमी शीण लवकर जातो म्हनून सांगितलं, ह्ये खरंबी असंल. पन शीण म्हंजी राखणदार हाय, डाक्टर. त्यो वरडतोय म्हनून तर कळतंय कुठं चोरी चालली. राखणदाराला गप करायचं औषध इकू नगा." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चला, पोरानं काय खाल्लं का बघू."

महादेव वाचला. त्या वर्षी तो पुन्हा लांग कसून आखाड्यात उतरू शकला नाही. मद्रासला मामाकडे गेला आणि वर्षाच्या आत परत आला. भट्टीशी बसलं की हात सोन्याला लागायचे आणि मन मातीत, असं तो सांगायचा. कुपवाडच्या एका कारखान्यात त्याने नोकरी धरली, आणि सकाळ-संध्याकाळ तालीम. पहिल्या नंबरची कुस्ती वस्तादांच्या तालमीला पुन्हा मिळाली नाही. ती गोष्ट त्यांनी माझ्यापाशी पुन्हा कधी काढली नाही.

दशक सरत आलं तेव्हा वस्ताद हौद्याच्या, म्हणजे आखाड्याच्या मातीच्या खड्ड्याच्या, काठावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून ते घरी गेलेच नाहीत; तालमीतच, मारुतीच्या कोनाड्याखाली खाट टाकायला लावली. मी भेटायला गेलो, ती आमची शेवटची भेट. जाताना पिशवीत एक डबा घेतला होता. भुकटी आता जरा बऱ्या चवीची निघाली होती, आणि म्हातारपणी पडून राहिलं की मांस फार झपाट्याने झडतं. त्यांच्या मांड्या पाहून मला गलबलून आलं. तरी भीतभीतच डबा पुढे केला.

"आना," ते म्हणाले आणि मिस्कील हसले. "आता मला घाई हाय."

डॉक्टरांनी पाय उचलायचा व्यायाम सांगितला होता. महादेव कामावरून आला, हातपाय धुतले, आणि खाटेशी बसला. वस्ताद दात आवळून पाय वीतभर उचलत होते, खाली ठेवत होते, पुन्हा उचलत होते. कोणीही मोजत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. महादेवने हात पुढे केला आणि त्यांच्या गुडघ्याच्या वर, त्या सुकलेल्या मांडीत, हळूच अंगठा दाबला. त्याचा चेहरा तेव्हा अगदी वस्तादांसारखा झाला होता.

"झोपा, वस्ताद."

"आनी दोन निगतील की रं, महादू."

"न्हाई. झोपा."

वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मी मध्ये पडेन अशा आशेने. मी छताकडे पाहिलं. मग त्यांनी महादेवच्या हातून भुकटीचं दूध तोंड वाकडं करत घेतलं, आणि शहाण्या मुलासारखे कुशीवर वळले.

मी सायकलपाशी आलो तेव्हा आठवलं, पिशवी खाटेखालीच राहिली. परत वळलो. दारात महादेव बसला होता, वस्तादांची काठी हातात. ती त्याने दारात आडवी धरली.

"आत्ता न्हाई, डाक्टर," तो हळू आवाजात म्हणाला. "वस्ताद कामावर हाईत."

आतून घोरण्याचा आवाज येत होता. मी सायकल हातात धरली आणि घंटी न वाजवता रस्त्यापर्यंत चालत गेलो.